ताकदवान कुत्र्यासाठी गळपट्टा, हार्नेस आणि लीश: गोव्याच्या हवेत टिकेल असं सामान कसं निवडावं

गोव्यात कुत्र्याचं सामान तुटतं तेव्हा ते बहुतेक वेळा कुत्र्याच्या ताकदीपुढे हार मानत नाही. ते आधीच आतून खराब झालेलं असतं. जून ते सप्टेंबर पाऊस, उरलेलं वर्ष दमट हवा, किनाऱ्याकडे खारा वारा आणि एप्रिल-मेचं ऊन. पट्टी वर्षभर नव्यासारखी दिसते. तिच्या टोकाची कडी, हुकातली स्प्रिंग आणि शिवणीतला दोरा मात्र गुपचूप झिजत असतो. म्हणून घरात पहिल्यांदाच लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन किंवा अंगापिंडाने भरलेला गावठी कुत्रा आला असेल, तर दुकानात पट्टीचा रंग आणि जाडी बघून निर्णय घेऊ नका. जोड बघा. जिथे दोन वस्तू एकमेकींना मिळतात तिथेच सामान सुटतं.

या लेखात कुत्र्याच्या गळ्यातला तो गळपट्टा, छाती-पाठीभोवती बांधायचा तो हार्नेस आणि आपल्या हातात राहते ती लीश, असं धरून चालू.

झटका केवढा असतो

आधी थोडं गणित करू, कारण त्यावर पुढची सगळी निवड अवलंबून आहे. ३५ किलोचा कुत्रा मुंगसामागे सुटला आणि त्याने ताशी १८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ५ मीटरचा वेग घेतला, तर त्याच्या अंगात साधारण ४४० ज्यूल ऊर्जा असते. लीश थोडी ताणली, तुमचा हात पुढे गेला, तुम्ही एक पाऊल ओढले गेलात आणि तो अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्या क्षणी सगळ्या जोडांवर सरासरी ९० किलो वजन लटकावल्याइतका ताण येतो. हाच कुत्रा न ताणणाऱ्या साखळीने खांबाला बांधलेला असेल आणि तसाच धावत जाऊन १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर ताण ४५० किलोच्या आसपास जातो. वजन तेच आणि वेगही तोच, फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा.

यातून दोन गोष्टी ठरतात. एक, ३० किलोच्या वरच्या कुत्र्यासाठी प्रत्येक सुट्या भागाची तुटण्याची क्षमता ५०० किलोच्या पुढे असावी. नवी कोरी चांगली २५ मिलिमीटरची नायलॉनची किंवा पॉलिस्टरची पट्टी हे सहज पेलते. हूक आणि कड्या अनेकदा पेलत नाहीत. दुसरी, धावायला जागा ठेवून साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या मानेला जो हिसका बसतो तो हातातल्या लीशच्या हिसक्यापेक्षा कितीतरी वाईट असतो. अंगणात बांधायची वेळ आलीच तर धाव घेता येणार नाही अशा बेताने आणि हार्नेसला बांधा, गळ्याला नको.

मोजमाप घरी घ्या

दुकानात जाताना कुत्र्याचं वजन, मानेचा घेर, डोक्याचा घेर आणि छातीचा घेर लिहून न्या. शिंप्याचा टेप वापरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती फूटपट्टीवर मोजली तरी चालेल. मानेचा घेर गळपट्टा जिथे बसतो तिथे घ्यायचा, छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे, जिथे बरगड्या सगळ्यात रुंद आहेत तिथे. डोक्याचा घेर कानांच्या पुढून, सगळ्यात रुंद भागावर.

डोक्याचा घेर मोजायचं बहुतेक जण विसरतात, आणि कुत्रा निसटण्याचं कारण तिथेच असतं. अनेक जर्मन शेफर्ड आणि बऱ्याच गावठी कुत्र्यांची मान जाड आणि डोकं निमुळतं असतं. दोन्ही घेरांत फारसा फरक नसेल तर साधा गळपट्टा कितीही मजबूत असो, कुत्रा मागे सरून मान खाली घालतो आणि गळपट्टा कानांवरून निघून येतो. अशा कुत्र्याला मार्टिंगेल पद्धतीचा गळपट्टा घ्या. त्यात दोन कड्यांतून ओवलेला एक छोटा फासा असतो. ओढलं की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो आणि तिथे थांबतो. पूर्ण आवळल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना टेकायच्या आधी मानेवर नीट बसला पाहिजे, पण श्वास अडेल इतका घट्ट होता कामा नये.

पिल्लू असेल तर महागडं सामान आताच घेऊ नका. मोठ्या जातींची पिल्लं वर्ष-दीड वर्ष वाढत राहतात आणि त्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी माप तपासावं लागतं.

गळपट्टा की हार्नेस

ओढणाऱ्या कुत्र्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: लीश हार्नेसला, ओळखपट्टी गळपट्ट्याला. गळपट्ट्यावर सतत ओढ आली की श्वासनलिकेवर दाब येतो आणि डोळ्यांतला दाबही वाढतो. हार्नेसने ओढल्यावर डोळ्यांतला दाब तसा वाढत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पशुवैद्यकीय अभ्यासात दिसलं होतं. बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर गळ्यावर ओढ येताच कामा नये.

हार्नेस निवडताना समोरून बघा. छातीवरची पट्टी इंग्रजी वाय अक्षरासारखी, छातीच्या मधल्या हाडावरून खाली जाणारी हवी. खांद्यावरून आडवी जाणारी पट्टी पुढचा पाय मोकळा टाकू देत नाही. काखेपासून पोटाची पट्टी तीन-चार बोटं मागे असावी, नाहीतर दमट हवेत तिथली कातडी सोलते. पट्टीखाली दोन बोटं सहज जावीत.

कड्या दोन हव्यात: पाठीवर एक, छातीवर एक. फक्त पाठीवर कडी असेल तर कुत्र्याला सगळं अंग लावून ओढायची सोय होते. छातीच्या कडीला लीश लावली की तो पुढे ओढायला गेला की बाजूला वळतो आणि त्याची निम्मी ताकद वाया जाते. मागे सरून हार्नेसमधून निसटण्याची सवय असलेल्या कुत्र्याला बरगड्यांच्या मागे आणखी एक पट्टा असलेला, म्हणजे तीन ठिकाणी बांधायचा हार्नेस मिळतो. घाबरट, नुकत्याच दत्तक घेतलेल्या कुत्र्यासाठी मी तोच सुचवेन.

गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि आतून दाते असलेले गळपट्टे दुकानदार ‘ताकदवान कुत्र्यासाठी’ म्हणून दाखवतील. घेऊ नका. ते दुखवून थांबवतात, आणि दुखलेला कुत्रा समोरून येणाऱ्या माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला त्या दुखण्याचं कारण समजू लागतो.

पट्टी कशाची असावी

नायलॉन मऊ असतं, थोडं ताणतं, त्यामुळे झटका शोषून घेतं. पण ते पाणी पितं, ओलं झालं की त्याची ताकद थोडी कमी होते, आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पितच नाही आणि उन्हालाही जास्त तोंड देतं. हाताला ते थोडं कडक लागतं. गोव्यात रोज वापरायला मी पॉलिस्टर निवडेन.

स्वस्तातली चकचकीत, हलकी, पाण्यावर तरंगणारी पट्टी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती उन्हाने ठिसूळ होते आणि हातातून घसरली की तळहात भाजल्यासारखा सोलते. मोठ्या कुत्र्याला नको. आतून पॉलिस्टरची पट्टी आणि वरून प्लास्टिकचं आवरण असलेली, बायोथेन या नावाने ओळखली जाणारी पट्टी महाग असली तरी इथल्या हवेत फार उपयोगी पडते: ओली होत नाही, वास धरत नाही, वाळू चिकटत नाही, नळाखाली धरली की स्वच्छ. ओली झाल्यावर थोडी निसरडी लागते, एवढंच.

चामडं सुंदर दिसतं, हाताला सगळ्यात सुखाचं लागतं. पण जुलैमध्ये चार दिवस खुंटीला टांगून ठेवलं की त्यावर पांढरट बुरशी येते. चामडं आवडत असेल तर ऑक्टोबर ते मे वापरा आणि पावसाळ्यासाठी दुसरा संच ठेवा.

रुंदी: ३० किलोच्या वर गळपट्टा किमान २५ मिलिमीटर, शक्य तर ३८-४०. लीश २० ते २५. फार रुंद लीश हातात धरता येत नाही.

धातू: इथे वेळ घालवा

पूर्ण खरेदीत सगळ्यात जास्त वेळ हुकावर आणि कड्यांवर घालवा. दुकानात बहुतेक हूक चकचकीत, चंदेरी किंवा सोनेरी असतात आणि वरवर सगळे सारखेच दिसतात. आत मात्र चार वेगवेगळे धातू असतात.

पहिला, मुलामा दिलेलं लोखंड. दुसरा, जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून केलेला. तिसरा, भरीव पितळ. चौथा, स्टेनलेस स्टील, आणि त्यातही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. फ्रिजच्या दारावरचंही चालेल. चुंबक घट्ट चिकटलं तर ते लोखंड आहे. मुलामा कुठेतरी खरवडला जाणार आणि तिथून गंज आत शिरणार. चिकटलं नाही तर ते जस्त, पितळ किंवा स्टेनलेस. स्टेनलेसच्या वाकवलेल्या भागाला चुंबक किंचित ओढल्यासारखं वाटू शकतं, ते चालेल.

आता जस्त वेगळं काढायचं. तेच सगळ्यात धोकादायक, कारण लोखंड गंजताना तांबडं दिसून सूचना तरी देतं. जस्ताचा ओतीव हूक वाकत नाही, ताणत नाही, एके दिवशी एका झटक्यात दोन तुकडे होतो. तुटलेला भाग बघितला तर आत राखाडी, दाणेदार, खडीसाखर फोडल्यासारखा दिसतो. दुकानात ओळखायचं कसं? हूक तळहातावर घ्या. तेवढ्याच आकाराच्या पितळी हुकापेक्षा तो हलका लागतो. कडेला नख फिरवा. साच्याच्या दोन भागांची बारीक रेघ लागते. मग हुकाच्या तोंडात, जिथे उघडमीट होणारी जीभ येऊन टेकते तिथे बघा. तिथला मुलामा पुढेमागे करताना आधीच थोडा उडालेला असतो. आत पिवळं दिसलं तर पितळ, निस्तेज राखाडी दिसलं तर जस्त. नुसतं सोनेरी दिसतं म्हणून पितळ समजू नका. जस्तावरही सोनेरी मुलामा देतात. वापरातल्या हुकावर पांढरी पूड जमलेली दिसली तर तीही जस्त खराब होत असल्याची खूण आहे.

पितळ गंजत नाही, फक्त हिरवट, काळपट होतं. त्याचा दोष म्हणजे ते मऊ असतं, आणि गोल फिरणाऱ्या जोडावर वर्षानुवर्षं घासून झिजतं. स्टेनलेस त्याहून कणखर. किनाऱ्यापासून दूर, सत्तरी, डिचोली, फोंड्याकडे राहत असाल तर ३०४ पुरेसं आहे. कळंगुट, मोरजी, कोलवा, बाणावली अशा ठिकाणी रोज किनाऱ्यावर फिरवणार असाल तर ३०४ वर तपकिरी ठिपके येतात. तिथे ३१६ घ्या. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे ते समुद्राच्या मिठाला जास्त तोंड देतं. बोटींसाठी हेच वापरतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ते क्वचित मिळेल. मालीम, खारीवाडा किंवा कुटबणच्या जेटीच्या आसपास ट्रॉलरवाल्यांना दोर आणि शॅकल (खिळीने बंद होणारी जाड धातूची कडी) पुरवणाऱ्या दुकानांत विचारा. शॅकलवर वापराचा भार लिहिलेला असेल तर तो तुटण्याच्या भारापेक्षा बराच कमी असतो, हे लक्षात घ्या. तो सुरक्षित वापराचा आकडा असतो.

हुकाचा प्रकार: अंगठ्याने खाली ओढायचा साधा हूक रोजच्या वापराला ठीक. पण त्यातली स्प्रिंग अनेकदा साध्या पोलादाची असते, आणि बाहेरचा हूक उत्तम पितळी असला तरी आतली स्प्रिंग गंजते. वाळूचे दोन कण जिभेखाली अडकले तरी हूक अर्धवट उघडा राहतो. दुकानात जीभ वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करून बघा. सोडल्यावर ‘टक’ असा आवाज करून पूर्ण बंद झाली पाहिजे. फार ताकदवान किंवा उसळी घेणाऱ्या कुत्र्यासाठी फिरवून कुलूप होणारा कॅरॅबिनर, म्हणजे गिर्यारोहक दोराला लावतात तसली उघडमीट होणारी कडी, घ्या. कुत्रा स्वतःभोवती गरगर फिरला तरी तो उघडत नाही. किल्ली अडकवायचे रंगीत ॲल्युमिनियमचे कॅरॅबिनर यासाठी नसतात.

डी-आकाराची कडी जोडून, वितळवून बंद केलेली हवी. नुसती वाकवून टोकं जवळ आणलेली कडी ताणाखाली उघडते. जोड दिसत नसेल तर कडी फिरवून पट्टीच्या आत लपलेला भाग बाहेर काढून बघा. फट बहुधा तिथेच लपवलेली असते.

बक्कल: क्लिपसारखी दाबून उघडायची प्लास्टिकची बक्कलं हार्नेसवर सगळीकडे असतात. ती चांगल्या दर्जाची असली तरी उन्हात दोन-तीन वर्षांत पांढुरकी आणि ठिसूळ होतात. गळपट्ट्याला धातूचं, कमरेच्या पट्ट्यासारखं खिळीचं बक्कल घ्या. हार्नेसला धातूचं क्लिप बक्कल मिळालं तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकचं दर मोसमाला तपासा.

शिवण

शिवण उजेडाकडे धरून बघा. पट्टीचं टोक दुमडून शिवलेलं असतं तिथे चौकोन आणि त्यात फुली, किंवा जवळजवळ घातलेल्या आडव्या दाट टाक्यांच्या पट्ट्या हव्यात. नुसती एक सरळ रेघ असेल तर ती ओळीने उसवत जाते. दोरा सुती नको. सुती दोरा पावसाळ्यात कुजतो. दोन्ही अंगठ्यांनी जोड बाजूला ओढा. टाक्यांत फट दिसली तर ठेवून द्या.

चांगली पट्टी आणि चांगला हूक सुटा मिळाला तर म्हापसा, फोंडा किंवा मडगावला गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून शिवून घेता येतं. त्याच्याकडे जाड पट्टी शिवायचं मशीन आणि जाड पॉलिस्टर दोरा असतो. दुमड किमान ६-७ सेंटिमीटर ठेवायला सांगा आणि शेजारी उभं राहून शिवून घ्या. तयार लीशपेक्षा अशी लीश बरेचदा जास्त टिकते, कारण प्रत्येक भाग तुम्ही स्वतः निवडलेला असतो.

दोरखंडाची लीश घेत असाल तर हुकाजवळच्या जोडावर चामड्याची टोपी चढवलेली असते. तिच्याखाली दोर दुमडून घट्ट बांधलेला आहे की नुसता गोंदाने चिकटवलेला, हे विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर पट्टीचीच घ्या.

लीशची लांबी आणि हातात धरणं

दीड ते पावणेदोन मीटर. आपल्या गावांतल्या रस्त्यांना फूटपाथ नसतो, वळणावर चिऱ्याची कुंपणं रस्त्यापर्यंत आलेली असतात आणि पलीकडून स्कूटर येते ती दिसत नाही. म्हणून हुकापासून ३० सेंटिमीटरवर दुसरी छोटी मूठ शिवलेली लीश फार कामाची. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा हॉर्न ऐकून कुत्रा ताठ झाला की ती मूठ धरायची आणि तो पुढे जाईपर्यंत कुत्र्याला आपल्या पायाशी ठेवायचं.

डबीतून आपोआप लांब-आखूड होणारी लीश मोठ्या कुत्र्याला नको. बारीक दोरी हात किंवा पोटरी कापते, ब्रेकवर एकदम झटका बसतो, आणि डबी हातातून सुटली की ती खडखडत मागे येते आणि घाबरलेला कुत्रा आणखी पळतो.

लीश मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. झटक्यात बोट मोडतं, खांदा निखळतो. मुठीचा फास अंगठ्यात घाला, उरलेली लीश घडी करून तळहातात धरा आणि दुसरा हात खाली लीशवर ठेवा. स्कूटरवर बसून कुत्रा पळवणं आणि लीश हँडलला बांधणं मी अनेक गावांत पाहते. त्यात कुत्रा आणि माणूस दोघांचाही जीव धोक्यात असतो.

गोव्यातल्या कितीतरी घरांत मुलं परदेशी किंवा जहाजावर असतात आणि त्यांनी आणलेला ३५ किलोचा कुत्रा सत्तर वर्षांच्या घरातले आईवडील सांभाळतात. त्यांच्यासाठी सामानाची निवड वेगळी करावी लागते. छातीच्या आणि पाठीच्या अशा दोन्ही कड्यांना लागणारी दोन हुकांची लीश द्या, म्हणजे कमी ताकदीत कुत्रा वळवता येतो. कमरेला बांधायची लीश त्यांना अजिबात नको. आणि पावसाळ्यात पायांत रबरी स्लिपर नको: चिऱ्यावर, पायवाटेवर शेवाळ धरतं आणि पडण्याचं पहिलं कारण कुत्रा नसून ती स्लिपर असते. मागे पट्टा असलेली, खाली खोल खाचा असलेली सँडल घ्या.

रस्त्यावर नेण्याआधी घरी तपासा

नवं सामान थेट बाहेर नेऊ नका. लीशचा हूक बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, खांबाला बांधलेल्या दोराला अडकवा, दोन्ही हातांनी मूठ धरा आणि अंगाचा सगळा भार मागे टाका. मग चार-पाच वेळा हिसके द्या. कडी लांबट झाली, जीभ अडकली, टाका सरकला, असं काही दिसलं तर बिल आहे तोवर बदलून घ्या.

मग फाटक बंद करून कुत्र्याला हार्नेस घाला आणि स्वतः त्याच्यासमोर उभं राहून लीश हलकेच आपल्याकडे ओढा. तो मागे सरेल. कोपर आत घेऊन तो बाहेर निसटू शकतो का ते बघा. निसटला तर पट्टे आवळा, तरीही निसटला तर तो आकार त्याच्यासाठी नाही. पहिले काही दिवस हार्नेस घालून फक्त खाणं द्या, घरातल्या घरात फिरू द्या. नंतर बाहेर.

चतुर्थी, नरकासुराची रात्र आणि इतर मोठे आवाज

चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे लाउडस्पीकर या काळात कुत्रे सर्वाधिक बावचळतात. एरवी शांत असलेला कुत्रा एका धमाक्याने हार्नेसमधून उलटा निघून जातो. या दिवसांत हार्नेसची कडी आणि गळपट्ट्याची कडी एका आखूड पट्टीने जोडा. एक सुटलं तरी दुसरं धरून राहतं. फेरी संध्याकाळी अंधार पडायच्या आत आटपा. गळपट्ट्यावर फोन नंबर असायलाच हवा. लटकणाऱ्या बिल्ल्याची बारीक गुंडाळीची कडी किनाऱ्याजवळ काही महिन्यांत गंजून बिल्ला हरवतो, म्हणून नंबर कोरलेली पट्टी गळपट्ट्यावर रिबीट मारून बसवा किंवा नंबर भरतकाम करून घ्या.

किनारा, ऊन आणि पाऊस

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुत्रे घरटी उकरतात. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे कुत्रा मोकळा सोडू नका, लांब दोरीवरही नाही. इतर मोकळ्या जागी पाच ते दहा मीटरची दोरी वापरायची तर ती फक्त हार्नेसच्या पाठीच्या कडीला. गळपट्ट्याला लावलीत तर दहा मीटरच्या धावेचा झटका मानेवर येतो.

एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजतील. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर फिरवा. जाड गादीचे, अंगभर झाकणारे हार्नेस या दिवसांत नकोत. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि छातीवर गादी बसली की उष्णता अडकते. तोंडाला जाळी लावावी लागत असेल तर तोंड आत पूर्ण उघडेल, पाणी पिता येईल अशी पिंजऱ्यासारखीच घ्या. तोंड आवळणाऱ्या कापडी मुसक्या गरमीत जीवघेण्या ठरतात.

पावसात पहाटे आणि रात्री फिरवत असाल तर परावर्तक धाग्याची पट्टी आणि हार्नेसला अडकवायचा छोटा दिवा पुरे. गादीची मूठ पावसाळ्यात नको. स्पंज आठवडाभर ओला राहतो.

देखभाल

किनाऱ्यावरून आलात की त्याच दिवशी सामान गोड्या पाण्यात खळबळून काढा. हुकाची जीभ पाण्याखाली उघडमीट करा म्हणजे वाळू निघते. सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात नको. आठवड्यातून एकदा जिभेवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. चामड्यावर बुरशी आली तर कोरड्या कापडाने पुसा आणि वाऱ्यावर ठेवा. खोबरेल तेल थापलं तर चामडं सैल पडतं आणि कुत्रा ते चावून टाकतो.

घरी आल्यावर हार्नेस काढा. दमट दिवसांत तो अंगावर राहिला की खालची कातडी ओली राहून लाल होते, खाज सुटते. गळपट्ट्याखाली बोट फिरवून गोचीड बघा. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्या नेमक्या तिथेच दडतात आणि त्यांच्यातून रक्ताचे आजार होतात.

लीश चावणाऱ्या कुत्र्यासाठी हुकाजवळचा हातभर भाग साखळीचा असलेली लीश मिळते. पूर्ण साखळीची लीश घेऊ नका. जड असते, ताणत नाही आणि हातात धरता येत नाही.

नियम

प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि कुत्र्यापासून लोकांना धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रॉटवायलर, पिटबुल अशा जातींचा विचार असेल तर कुत्रा आणण्याआधी पशुसंवर्धन खात्याकडे आणि आपल्या पंचायतीकडे किंवा पालिकेकडे सध्याचे नियम विचारून घ्या.

कधी बदलायचं

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा सगळं सामान अंगणात उजेडात काढा. हुकाचा फिरणारा जोड पकडून हलवा. खडखडत असेल तर तो आतून झिजला आहे. पट्टीची कड केसाळ झाली असेल, रंग उडून पट्टी हाताला खरखरीत लागत असेल, बक्कल पांढरं पडलं असेल, टाका सुटला असेल, तर बदला. पट्टी चांगली आणि फक्त हूक गेलेला असेल तर कुशनवाल्याकडून नवा हूक शिवून घ्या. काढलेला जुना हूक पक्कडीने तोडून भंगारात द्या. आख्खा ठेवलात तर तो घरात कुठेतरी पडून राहतो आणि घाईच्या सकाळी कोणीतरी तोच उचलून लीशला लावतो.